फ्लू झाला की फुप्फुसाला सूज का येते?

ही सूज बहुतांशी आपल्याच पेशी घडवून आणतात.

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत शिरून स्वतःच्या आरएनएच्या (म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याच्या) प्रती काढू लागतो. या आरएनएचं टोक आपल्या आरएनएपेक्षा वेगळं असतं. पेशीतलं रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं तेच ओळखतं. मग पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी आधीच सावध होतात. (आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना १९५७ मध्ये इंटरफेरॉन सापडलं, तेही फ्लूच्याच विषाणूवर काम करताना. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.) सोबत सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोपही जातात. त्यांच्यामुळे केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, ताप चढतो, अंग दुखतं.

घशात हे निभावून जातं. वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, मात्र नाही. त्यांची भिंत केसापेक्षाही कितीतरी पातळ असते. तिथे द्रव साचला की ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही आणि धाप लागते.

मग सूजच दाबून टाकावी का? वेळ महत्त्वाची. कोविडमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत (२०२०) डेक्सामेथासोन या सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तेव्हा साध्या तापात कृपा करून मनानेच स्टेरॉइड घेऊ नका. सुरुवातीला विषाणूशी लढायला हीच यंत्रणा लागते.