गूगल प्लेवरच्या २०० इन-ॲप प्रॉडक्ट्सच्या किमती एआय एजंटकडून एकदम बदलून घेता येतील का? कोणतं टूल वापरू?

येतील. प्लेच्या पब्लिशर एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधून प्लेशी बोलायच्या सोयीत, बॅचअपडेट ही बऱ्याच नोंदी एकदम बदलायची आज्ञा आहे, ती एका रिक्वेस्टमध्ये १०० प्रॉडक्ट्स घेते. म्हणजे तुमचं काम दोन फेऱ्यांत होईल. टूलचं नंतर बोलू. आधी हे विचारा, की किमतीबरोबर एजंट आणखी काय काय बदलून ठेवेल.

आमचं मुलांसाठी मराठी गोष्टींचं ॲप होतं. ऐकायच्या गोष्टींचे संच, प्रत्येक संच एक प्रॉडक्ट. नावं, वर्णनं मी लिहायचो. ‘मालवणी भुतांच्या गोष्टी, भाग २’, खाली एकच ओळ: ‘दिवे बंद करून ऐकायची पैज लावू नका.’ माझ्या भागीदाराचं मत ठरलेलं: ‘अरे, वर्णन कोण वाचतंय? प्ले बटण दाबतात नि ऐकतात.’ ही लिस्टिंग्ज मी फाइलींत लिहून गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवायचो, त्यालाही तो हसायचा. आमचं भांडण तेव्हापासूनचं.

गणपतीत सवलत द्यायची ठरली. एका टूलने हे एपीआय एजंटला जोडून दिलं होतं. भागीदाराने त्याला सांगितलं, सगळे संच ९९ वरून ७९ वर आण. एजंटने शून्यं बिनचूक मोजली, हे सांगायला हवं. या एपीआयला किंमत मायक्रोमध्ये, म्हणजे रुपयाच्या दहा लाखाव्या भागांत लागते, ७९ रुपये म्हणजे ७,९०,००,०००, आणि भलेभले तिथेच घसरतात. सगळ्या रिक्वेस्ट यशस्वी झाल्या. भागीदाराने ग्रुपवर लाडूंचा फोटो टाकला.

आणि ॲपमधली मराठी नावं गेली. बॅचअपडेटच्या आत जी अपडेट असते तिला प्रॉडक्टची अख्खी नोंद द्यावी लागते. एखादी गोष्ट पाठवली नाही, तर ‘आहे तशी राहू दे’ असं ती समजत नाही. एजंटने एसकेयू (प्रॉडक्टचा कोड), किंमत, डीफॉल्ट भाषा आणि तिचं इंग्रजी नाव भरलं, कारण टूलच्या वर्णनात बाकीचं ऐच्छिक लिहिलं होतं. माझी मालवणी भुतं एका रात्रीत ‘मालवणी घोस्ट स्टोरीज, पार्ट टू’ झाली. आम्ही अमेरिकेसाठी आणि दुबईसाठी हाताने लावलेल्या वेगळ्या किमतीही उडाल्या. राहिलेल्या देशांच्या किमती आपोआप काढायचा पर्याय चालू होता, त्यामुळे तिथे ७९ रुपयांचं थेट रूपांतर लागलं. न्यू जर्सीच्या एका आईची मेल आली: मुलाने मराठी वाचावं म्हणून हे ॲप घेतलं, आता यातही इंग्रजीच? भागीदार म्हणाला, ‘पण किमती तर बरोबर लागल्या ना!’

गिटमधून सगळं परत चढवलं. ती मेल मी त्याला पुढे पाठवली, वर एक शब्दही न लिहिता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एजंटला थेट लिहायला देऊ नका. त्याच्याकडून स्क्रिप्ट लिहून घ्या. स्क्रिप्टने आधी बॅचगेटने (बऱ्याच नोंदी एकदम वाचायच्या आज्ञेने) सगळ्या नोंदी आणून फाइलीत ठेवाव्यात, त्यातला फक्त किमतीचा आकडा बदलावा आणि जुन्या-नव्यातला फरक छापावा. तो फरक माणसाने वाचावा, निदान मराठी वाचता येणाऱ्या माणसाने. मग अख्खी नोंद परत पाठवावी. आधी दोन-तीन प्रॉडक्ट्सवर करून बघा. सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे स्क्रिप्ट ज्या खात्याने प्लेमध्ये शिरते त्याला, स्टोअर प्रेझेन्सपुरतीच (दुकानातली माहिती आणि किमती बदलण्यापुरतीच) परवानगी द्या, ॲपच्या रिलीजची नको. डिलीट करायचं टूल एजंटच्या यादीतून काढूनच टाका.

लेटन्सी टॉलरंट मोड (बदल उशिरा पोचले तरी चालतील, असं सांगणारा) लावलात तर वेग मिळतो, पण बदल फोनवर पोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात एजंटला ‘झालं का बघ’ म्हणू नका. तो एपीआयला विचारेल, एपीआय हो म्हणेल आणि गिऱ्हाइकाला जुनीच किंमत दिसत असेल.

टूल कुठलं, तर ज्यात बॅचगेट आहे ते. नुसतं लिहिणारं आणि न वाचणारं टूल माझ्या मते कामाचं नाही.

हो, एक राहिलं. हे सगळं जुन्या इन-ॲप प्रॉडक्ट्सच्या एपीआयबद्दल. नव्या वन-टाइम प्रॉडक्टच्या एपीआयमध्ये अपडेट मास्क असतो, कोणती फील्ड बदलायची ते आधी सांगता येतं, आणि मायक्रोचा घोळही नाही. तुम्ही तिकडे गेला असाल तर माझी निम्मी भीती तुम्हाला लागू नाही. सबस्क्रिप्शन्सचा मामला वेगळा, त्यांना या जुन्या रस्त्याने हात लावू नका. आणि तुमचं ॲप एकाच भाषेत, एकाच देशात असेल, तर माझ्या भागीदारासारखं केलंत तरी चालून जाईल, हे त्याला मात्र सांगू नका.