तिजोरीतून निघालेले अनुदान शाळेत पोहोचते का?

प्रश्न : गरीब देशांत शिक्षणावरील तरतूद वाढत असल्याचे वाचनात येते, तरीही गरिबांच्या पदरात फारसे पडत नाही. तरतूदच अपुरी असते की कारभार सदोष असतो? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : दोन्ही कारणे खरी आहेत, मात्र मंजूर झालेला पैसा जातो कुठे, हे मोजण्याच्या फंदात सरकारे सहसा पडत नाहीत. युगांडाने ते मोजले. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथे प्राथमिक शिक्षणावरील खर्च वाढत होता, पण सरकारी आकड्यांतील पटसंख्या जेथल्या तेथे होती. म्हणून १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने १८ जिल्ह्यांतील २५० शाळांची दप्तरे सरकारी हिशेबांशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात दर विद्यार्थ्यामागे मंजूर होणाऱ्या वेतनेतर अनुदानापैकी (आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या ‘सादिल’सारखेच म्हणा) सरासरी १३ टक्केच रक्कम शाळेच्या हाती पडत होती, असे आढळले. बहुतेक शाळांना तर छदामही मिळाला नव्हता. उरलेली रक्कम जिल्हा पातळीवरच मुरत होती.

पगारात एवढी गळती नव्हती, आणि मला हीच बाब सर्वांत बोलकी वाटते. आपला पगार किती, हे शिक्षकाला ठाऊक असते. शाळेला अनुदान किती यायचे होते, हे मात्र पालकांना ठाऊक नव्हते. पुढे सरकारने प्रत्येक जिल्ह्याला पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापायला आणि मिळालेली रक्कम शाळेच्या फलकावर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे गेला. याचे सारे श्रेय छापील आकड्यांना देणे मात्र योग्य नाही, कारण त्याच काळात निधीवाटपाची आणि देखरेखीची पद्धतही बदलली होती, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे.

१९९७ मध्ये तेथे प्राथमिक शाळांची फी माफ झाली आणि विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३० लाखांवरून एका वर्षात ५० लाखांच्या वर गेली. वर्गखोल्या, शिक्षक आणि पुस्तके त्या वेगाने वाढू शकली नाहीत. गळती आटोक्यात येत असतानाच आपल्या प्रश्नातील पहिले कारण, म्हणजे अपुरी तरतूद, तेथे पुढे येऊन उभे राहिले.