घरचं गॅरेज : जीप तापते, अडते, थरथरते

या वेळची पत्रं जवळपास सगळी जुन्या जीपवाल्यांची आहेत, मारुतीची जिप्सी एकच. ज्यांनी गाडीचं मॉडेल, इंजिन आणि बिघाड नेमका कधी होतो हे लिहिलं, त्यांची पत्रं आधी घेतली. ‘जीप बरोबर चालत नाही, उपाय सांगा’ एवढ्यावर उपाय सांगता येत नाही.

‘महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजो डिझेल इंजिन. रावेरहून पालकडे चढताना दुपारी तापमानाचा काटा लालमध्ये जातो, सपाटीला ठीक असतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, फरक नाही. आता हेड उघडू म्हणतो. उघडू द्यावं का?’ (रावेर)

इतक्यात नको. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅसकेट, गेलं असेल तर त्याच्या खुणा घरीच दिसतात. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी काठापर्यंत भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती आत अडकलेली हवा. पण भात शिजल्यासारखे बुडबुडे सतत येत राहिले, किंवा टोपी लावून सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी कोमटही झालेलं नसताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबलेला वायू, पाण्यात शिरतंय. ऑइलची पट्टीही बघा, ऑइल दुधाळ नको. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

तुमची गाडी सपाटीला ठीक आणि चढावरच तापते. म्हणजे पाणी फिरतंय, पण कमी वेगात जास्त जोर लागतो तेव्हा रेडिएटरची ताकद अपुरी पडते. रात्री बोनेट उघडा, इंजिनच्या बाजूने रेडिएटरमागे बल्ब धरा आणि समोरून जाळीत बघा. जिथून उजेड आरपार येत नाही तो भाग बंद आहे. आपल्याकडे कापसाची रुई, भुस्सा आणि काळ्या मातीची धूळ यांचा मिळून नमदा होतो, आणि तो जाळीच्या आतल्या थरात बसतो, वरून दिसत नाही. समोरून पाणी मारलं तर तो आणखी आत दाबला जातो. पाणी नेहमी इंजिनकडून बाहेरच्या दिशेने मारा, साध्या नळीने, आधी भांड्यांच्या लिक्विड साबणात अर्धा तास भिजवून. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशर गन जवळून लावली की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होता तो वाराही बंद होतो.

मग आतली बाजू. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर नळ्यांत क्षाराचा थर असणारच. त्यासाठी दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवा. सगळं जुनं पाणी काढून हे भरा, गाडी नेहमीच्या तापमानाला आणा, वीस-पंचवीस मिनिटं आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू, ठेवा. थोडं निवल्यावर काढून टाका आणि साध्या पाण्याने तीनदा धुवा. रात्रभर आत ठेवू नका. जुना पितळी रेडिएटर झाळलेला असतो, झाळ सैल असेल तर तिथून तो गळू लागेल. गळला तर तो आधीच गेलेला होता असं समजा, क्षाराने तोवर बुजवून ठेवला होता इतकंच. शेवटी डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आणि कूलंट भरा. कूलंट पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज लागू नये म्हणून. त्याचं प्रमाण डब्यावर असतं, तेवढंच घाला. जास्त घातल्याने गाडी जास्त थंड राहत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस असतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, परत बसवा. तो काढून टाकायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, पण त्याने इंजिन हिवाळ्यात थंडच चालतं, डिझेल पूर्ण जळत नाही आणि सिलिंडर झिजतो. तो खराब आहे का हे बघायला पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गरम करा. अंगावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

रेडिएटरची टोपी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. टोपी पाणी दाबाखाली ठेवते, आणि दाबाच्या प्रत्येक पीएसआयमागे (पीएसआय हे दाबाचं माप) पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. टोपीचं रबर चिरलं की तो फायदा गेला. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना तेवढ्यावरच गाडी तरते. जुन्या टोपीवर छापलेल्या दाबाचीच नवी घ्या, जास्त दाबाची लावून होज फोडून घेऊ नका. फॅनबेल्ट दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला की १०-१२ मिलिमीटर दबावा. आणि फॅनभोवतीचा पत्र्याचा आच्छाद कुणी ‘अडचण होते’ म्हणून काढला असेल तर भंगारातून शोधून आणा. तो नसला की फॅन रेडिएटरमधून वारा ओढायच्याऐवजी कडेचीच गरम हवा फिरवत बसतो.

‘तोरणमाळच्या घाटात गाडी झटके देत बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की सुरू होते. डिझेल फिल्टर दोनदा बदलला.’ (शहादा)

पुढच्या वेळी बंद पडली की बाकी काही न करता टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. ‘सूंऽ’ आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. डिझेल उपसलं जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू शिरते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते. पिनेने भोक मोकळं करा, संपलं काम.

आवाज आला नाही तर गाडी ‘एअर घेते’. चढावर टाकी पंपाच्या मानाने खाली जाते, ओढ वाढते, आणि सपाटीला न जाणवणारी बारीक गळती तिथे उघडी पडते. ही गळती ओढीच्या बाजूची असल्याने डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून नुसतं बघून सापडत नाही. पाच लिटरचा कॅन बोनेटच्या उंचीवर नीट बांधा, त्यातून पारदर्शक नळीने थेट फिल्टरला डिझेल द्या आणि तोच चढ चढून बघा. गाडी अडली नाही तर दोष टाकी ते फिल्टर या वाटेतच आहे: टाकीतली जाळी, रबरी नळीच्या टोकाची चीर, सैल क्लिप, किंवा दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की कडक होतो. चार रुपयांसाठी तोच परत लावू नका. कॅनवरही अडली तर फिल्टरच्या पुढे शोधा.

काम झाल्यावर एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. फेस संपून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू कसा. तरीही सुरू झाली नाही तर नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडच्या) नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. डिझेल आलं की एकेक नट कसत जा. तिथे बोट लावून ‘येतंय का’ बघू नका. नोझलचा दाब शंभर बारच्या वर असतो, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि त्यासाठी दवाखाना गाठावा लागतो.

‘मनी जीप सकायले चालूच व्हस नही, भाऊ. ढकलली की होते. दुपारी एका किल्लीत सुरू.’ (साक्री)

भाऊ, स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेलच येत नाही, तेव्हा वरचं उत्तर वाचा.

तुमच्याकडे पांढरा धूर असणार. जुन्या जीपच्या प्यूजो डिझेल इंजिनात इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं आणि थंडीत तो कप्पा विजेवर तापणाऱ्या हीटर प्लगनेच गरम होतो. डिसेंबरात साक्री-धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा एखादा मेलेला प्लगही पुरेसा नडतो. प्लगवर ११ किंवा १२ व्होल्ट छापलेलं असेल तर तपासणी सोपी आहे. सगळ्यांना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. चारांपैकी दोन गेले असतील तर चारही बदला, उरलेले दोन पुढच्या थंडीत जाणारच.

प्लग चांगले निघाले तर स्टार्टर किती जोराने फिरतोय ते बघा. स्टार्टर मारताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असूनही इंजिन आळसात फिरत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या अंगाला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीशी त्याला जोडते ती फक्त विणलेली पट्टी, आणि जुन्या जीपमध्ये तीच हिरवी पडून कुजलेली असते.

‘पन्नासच्या वर स्टिअरिंग हातात नाचतं. डँपर नवा बसवला, महिनाभर बरं वाटलं.’ (चाळीसगाव)

डँपर स्टिअरिंगचे हादरे शोषतो. त्याने थरथर झाकली जाते, जात नाही. पुढची दोन्ही चाकं उचला, पण नुसत्या जॅकवर नाही. काळ्या मातीत जॅक खचतो, तेव्हा खाली जाड फळी आणि धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्या. चाकाला घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खडखड गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन, म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा. तीन आणि नऊवर धरल्यावर ढिलाई असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा.

बेअरिंगचा आतला नट चाक फिरवत फिरवत, चाक जड होईपर्यंत कसा आणि मग एक षष्ठांश फेरा, म्हणजे नटाची एक बाजू, मागे घ्या. लॉक वॉशर नवा, मग बाहेरचा नट. किंगपिनच्या वरच्या-खालच्या टोपीखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. ढिलाई काढताना दोन्हीकडून सारख्या जाडीच्या काढा, नाहीतर धुरा मध्यावरून सरकेल.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं. टायरच्या नक्षीच्या मधोमध दोन्ही चाकांवर खडूची खूण करा, हबच्या उंचीला समोरून दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धं चाक फिरेल इतकी पुढे ढकला, त्याच खुणा मागे गेल्यावर परत मोजा. समोरचं अंतर एक ते दोन मिलिमीटर कमी हवं. मागे ढकलून मोजू नका, जोडांमधली ढिलाई उलटी बसते. पाट्याच्या टोकाच्या कडीतले बुश (शॅकल बुश) गेले असतील तर हे सगळं करूनही उपयोग नाही, म्हणून खरं तर आधी तेच बघा.

‘कार्ब्युरेटरवाली जिप्सी. उन्हात दहा मिनिटं उभी केली की सुरू होत नाही. हल्ली आयडलही पकडत नाही. पेट्रोलमुळे का?’ (भुसावळ)

दोन वेगळे आजार आहेत. उन्हातला जुनाच: इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता कार्ब्युरेटरच्या वाटीत चढते, पेट्रोल उकळून आत सांडतं. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून तसाच धरा, तो वारंवार न दाबता स्टार्टर मारा. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेली नाही ना, हेही बघा.

आयडलबाबत पेट्रोलवर संशय रास्त आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर थोडा ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, चालतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा सैल करून आयडल सगळ्यात वर जिथे जाईल तिथे ठेवा. पण त्याआधी रबरी नळ्या दाबून बघा. मऊ, फुगलेल्या किंवा चिकट लागल्या तर सगळ्या ई-२० (तेच वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालणाऱ्या घेऊन बदला. इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवतं, म्हणून नवा फिल्टरही पाचशे किलोमीटरमध्ये पुन्हा तपासा. जिप्सी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल शोषतं आणि पुरेसं झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं.

‘अनेर नदीतून दोन-तीनदा गेलो. मागच्या धुऱ्याचं ऑइल चहासारखं झालंय. सील बदलूनही तसंच.’ (शिरपूर)

ऑइलमध्ये पाणी शिरलंय. सील नव्हे, ब्रीदर बघा: धुऱ्याच्या नळीवरची, हवा ये-जा करू देणारी छोटी टोपी. तापलेला धुरा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर मातीने बुजला असेल तर ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. नवं सीलही हेच करेल. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, किंवा त्या जागी नळी लावून तिचं टोक चासीच्या उंचीला वर बांधा.

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा, मगच खालचा. भरायचा प्लग जाम निघाला आणि खालून ऑइल सोडून बसलात तर गाडी तिथेच अडकली. अर्धा लिटर डिझेल घालून चाकं उचलून हाताने फिरवा, काढून टाका, रात्रभर निथळू द्या, मग ९० नंबरचं हायपॉइड ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरा. पन्नास किलोमीटरनंतर परत बघा, पुन्हा दुधाळ दिसलं तर आणखी एकदा. ब्रेक ड्रमही उघडा, नदीची रेती लायनिंग खाते.

‘फोर-व्हीलचा दांडा अडकला, निघत नाही.’ (धुळे)

डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळवली असणार. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याला वळणावर वेगवेगळं अंतर कापावं लागतं, मधे हा फरक सामावून घेणारं डिफरन्शिअल नाही, त्यामुळे सगळी यंत्रणा पीळ खाऊन घट्ट बसते. हातोडी नको. सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या आणि क्लच दाबलेला असताना दांडा ओढा. तरी नाही निघाला तर पुढचं एक चाक जॅकने उचला. पीळ सुटताना चाक झटक्यात फिरतं, तेव्हा हात लांब ठेवा.