स्प्रिंगकाटा थरथरतो, आकडा कोणता धरायचा?

प्रश्न : घर्षणाच्या प्रयोगात ५०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा टेबलावर ठेवून स्प्रिंगकाट्याने ओढला. तो हलेपर्यंत काटा २.४ न्यूटनपर्यंत चढला, हलल्यावर १.८ च्या आसपास उतरला आणि तिथे थरथरत राहिला. वहीत कोणता आकडा लिहायचा?

उत्तर : दोन्ही लिहा, पण वेगळ्या रकान्यांत. २.४ हे कमाल स्थितिक घर्षण, १.८ हे गतिक घर्षण. ठोकळा हललेला नसताना १ न्यूटनने ओढलात तर घर्षणही १ न्यूटनच असते, २.४ नव्हे. स्थितिक घर्षण ओढीबरोबर वाढत जाते. घर्षणांक (घर्षण भागिले अभिलंब बल) गुणिले अभिलंब बल (टेबल ठोकळ्याला वर ढकलते ते बल) हे फक्त त्याच्या कमाल मर्यादेचे सूत्र आहे. सर्वांत जास्त उत्तरे इथेच चुकतात.

थरथर होते कारण हाताची ओढ एकसारखी नसते. ठोकळ्याला ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळाले, तरी त्यासाठी ०.५ × ०.४ म्हणजे ०.२ न्यूटन जादा बल लागते आणि काटा २.० दाखवतो. वाढलेले असते ते त्वरण, घर्षण नव्हे.

म्हणून प्रयोग उलटा करा. स्प्रिंगकाटा एका जागी पक्का बांधा, त्याला ठोकळा अडकवा आणि ठोकळ्याखालची लांब फळी ओढा. ठोकळा जागच्या जागी राहतो, त्यामुळे त्याच्यावरची बले संतुलित असतात. फळीचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी काटा फारसा हलत नाही. ही पद्धत खरोखर फार चांगली आहे, शक्य असेल तर हीच वापरा.

त्याआधी काटा आडवा धरून त्याचा शून्य तपासा. बहुतेक काटे टांगलेल्या स्थितीत शून्यावर लावलेले असतात; आडवे केल्यावर हुकाचे वजन स्प्रिंगला ताणत नाही आणि दर्शक शून्याच्या मागे जातो. दोरीही टेबलाला समांतर हवी. ती २० अंश वर गेली, तर १.८ न्यूटनच्या ओढीतले सुमारे ०.६ न्यूटन ठोकळा वर उचलण्यात जातात. अभिलंब बल ४.९ (०.५ × ९.८) वरून ४.३ वर येते आणि घर्षण कमी भरते.

एकाच वाचनावर घर्षणांक (इथे १.८ ÷ ४.९, म्हणजे सुमारे ०.३७) काढू नका. ठोकळ्यावर २००-२०० ग्रॅमची वजने वाढवत चार-पाच वाचने घ्या, अभिलंब बल आडव्या अक्षावर आणि घर्षण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा आणि रेषेचा चढ मोजा; तोच घर्षणांक. रेषा आरंभबिंदूतून जात नसेल, तर आधी काट्याच्या शून्यावर संशय घ्या.

प्रश्न : टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाने वर लावलेले बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे ना?

उत्तर : नाही. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. अर्ध्या किलोचे पुस्तक २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवलेले आहे असे समजा. वजन ४.९ न्यूटनच, पण तळ त्याला ५.९ न्यूटनने वर ढकलतो. समानता मोडली. तरीही पुस्तक तळाला खाली ५.९ न्यूटननेच दाबते. ती खरी जोडी, ती कधीच मोडत नाही. वजनाचा जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणारे बल.

प्रश्न : आमच्या काट्यावर फक्त ग्रॅम आहेत. काय करावे?

उत्तर : किलोग्रॅम करून ९.८ ने गुणा. २५० ग्रॅमच्या वाचनाला २.४५ न्यूटन.