माउसने सरकते, बोटाने अडकते

प्रश्न : वेबपानावरची फोटोंची आडवी पट्टी पॉइंटर इव्हेंट्सवर (माउस वा बोट हलले की ब्राउझर कोडला देतो त्या सूचनांवर) लिहिली आहे. माउसने ती छान सरकते. क्रोममध्ये मोबाइलचा टच मोड (संगणकावरच बोटाच्या स्पर्शाची नक्कल) लावला की थोडी हलून थांबते. हा दोष मोडचा की कोडचा?

उत्तर : कोडचा. खऱ्या फोनवरही हेच होईल. बोट सरकू लागताच ब्राउझरला वाटते, पान स्क्रोल करायचे आहे. तो सूत्रे हाती घेतो आणि तुमच्या कोडला ‘पॉइंटरकॅन्सल’ (ओढणे रद्द झाल्याची सूचना) पाठवतो. त्यानंतर ‘पॉइंटरमूव्ह’ (बोट हलल्याची सूचना) येतच नाही. पट्टीच्या सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत) ‘टच-ॲक्शन’ला ‘पॅन-वाय’ द्या: उभे स्क्रोल ब्राउझरकडे, आडवे तुमच्याकडे. ‘नन’ देऊ नका; पट्टीवर बोट ठेवून पान खाली नेताच येणार नाही. ‘पॉइंटरकॅन्सल’ मात्र हाताळाच, नाहीतर उभ्या स्क्रोलनंतर पट्टी ‘पकडलेली’च राहते.

तपासताना क्रोममध्ये एफ12 दाबून डेव्हटूल्स (कोड तपासायची साधने) उघडा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. कर्सरचा गोल ठिपका झाला की टच चालू. लगेच पान रिलोड करा. टच आहे की नाही हे बऱ्याच स्क्रिप्ट पान उघडतानाच एकदा पाहतात, आणि ही पायरीच सगळे विसरतात. शिफ्ट दाबून ओढले की चिमटीचा झूम होतो. टचस्क्रीन लॅपटॉपसाठी उपकरणाच्या प्रकारात ‘डेस्कटॉप (टच)’ निवडा. डेव्हटूल्स बंद केले की टचही जातो.

बोटाची जाडी आणि फोनच्या प्रोसेसरचा खरा वेग मात्र इथे दिसत नाहीत. शेवटची फेरी खऱ्या फोनवरच.