एक चुकलेले साल आणि वितळता हिमालय

प्रश्न : हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे आयपीसीसीने (हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने) आपल्या अहवालात छापले आणि पुढे ते मागे घेतले. मग हवामान बदलाविषयी याच मंडळींच्या बाकीच्या विधानांवर आम्ही विश्वास का ठेवावा? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपण म्हणता ते घडले आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियाविषयीच्या प्रकरणात, पृथ्वी याच गतीने तापत राहिली तर या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे विधान होते. त्यामागे कोणतीही मोजणी नव्हती. १९९९ मध्ये एका विज्ञान साप्ताहिकाने एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाशी बोलून छापलेल्या बातमीतून ते एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ च्या अहवालात गेले आणि तेथून आयपीसीसीच्या पानावर येऊन बसले. त्याला जोडूनच हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असेही लिहिले होते. हा आकडा मुळात व्लादिमीर कोत्ल्याकोव या रशियन शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ध्रुवप्रदेश वगळता जगभरातील हिमनद्यांसाठी दिला होता, आणि त्यांनी दिलेले साल होते २३५०. गंमत अशी की, त्याच उपविभागात हिमालयातील हिमनद्या सुमारे ३० लाख हेक्टरांवर, म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटरांवर पसरल्या आहेत, असेही नमूद होते. हेक्टरांचे चौरस किलोमीटर करून पाहण्याची तसदी कोणी घेतली असती, तर हा घोळ छपाईपूर्वीच उघड झाला असता.

नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा, अशा भाकितांवर शंका घेणारा चर्चालेख प्रसिद्ध केला, तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशी केली. ते बोलणे पुढे त्यांच्याच अंगाशी आले, कारण २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने त्या परिच्छेदाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मात्र ही चूक बाहेर कोणी काढली, हेही पाहावे. ऑस्ट्रियाचे गेऑर्ग कासर, कॅनडाचे ग्रॅहम कॉगली ही सगळी हयात बर्फ मोजण्यात घालवलेली माणसे होती, आणि त्यांच्यापैकी कोणीही हिमनद्या वितळत नाहीत असे म्हणत नव्हते. त्याच अहवालाच्या पहिल्या खंडात बर्फाविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. २०३५ चे भाकीत त्यात नाही.

माझ्या मते रमेश यांनी आकड्यावर बोट ठेवले ते योग्यच केले. परंतु रैना यांच्या लेखातून जो निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचला, की हिमनद्यांच्या घटीचा तापमानवाढीशी संबंध सिद्ध होत नाही, तो उपलब्ध पुराव्याला पेलणारा नव्हता. तो लेख मुख्यतः मोजक्या हिमनद्यांच्या मुखांच्या, म्हणजे खालच्या टोकांच्या, नोंदींवर उभा होता. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. एवढ्या मोठ्या हिमनदीचे मुख, म्हणजे आपले गोमुख, हवामानातील बदलाला अनेक वर्षे उशिराने प्रतिसाद देते. दगडमातीच्या थराखाली झाकलेली हिमनदी तर मुख जागेवर ठेवूनही वरून पातळ होत जाऊ शकते.

म्हणून खरा हिशेब जाडीचा असतो. हिमाचल प्रदेशातील छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आणि फ्रान्सचे संशोधक तो मांडत आले आहेत. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोक पाडून त्यात बांबूच्या काठ्या सोडतात. उन्हाळा सरल्यावर काठी किती उघडी पडली ते मोजतात, वरच्या अंगाला खड्डे खणून हिवाळ्यात साचलेल्या बर्फाची जाडी व घनता घेतात, आणि जमा-खर्चाची वजाबाकी करतात. बहुतेक वर्षी ती तुटीची निघाली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकी हेर उपग्रहांची छायाचित्रे नव्या प्रतिमांशी ताडून सुमारे ६५० हिमनद्यांची उंची तपासली गेली; २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग त्याआधीच्या पाव शतकाच्या दुप्पट आढळला. काराकोरममधील काही हिमनद्या दीर्घकाळ स्थिर राहिल्या, क्वचित वाढल्याही. हा अपवाद याच शास्त्रज्ञांनी नोंदवला आहे. काठमांडूच्या आयसीआयएमओडी या संस्थेने २०१९ मध्ये वर्तवलेला अंदाज असा आहे की, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश बर्फ शतकाअखेर जाईल आणि उत्सर्जन असेच चालू राहिले तर दोन तृतीयांश. यात सर्वनाशाचे साल नाही.

प्रश्न : हिमयुग संपल्यापासून बर्फ वितळतच आहे. त्यात माणसाचा हात किती, हे कोण आणि कसे ठरवणार? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही पक्षांना थोडे अडचणीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लघुहिमयुग, म्हणजे त्याआधीचा काही शतकांचा थंड काळ, ओसरले, तेव्हापासून जगातील हिमनद्या मागे सरू लागल्या, आणि त्या वेळी कारखान्यांचा धूर फारसा नव्हता. बेन मार्झायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरातील हिमनद्यांचे गणित दोनदा मांडले : एकदा केवळ सूर्य आणि ज्वालामुखी यांचा प्रभाव धरून, आणि एकदा मानवी उत्सर्जन मिळवून. १८५१ ते २०१० या काळातील घटीपैकी सुमारे पाव हिस्साच माणसाच्या वाट्याला आला. परंतु १९९१ नंतरच्या दोन दशकांपुरते पाहिले तर तो दोन तृतीयांशांवर गेला. या आकड्यांतील अनिश्चितता मोठी आहे आणि लेखकांनी ती लपवलेली नाही. सूर्यच अधिक तापला म्हणावे, तर १९७८ पासून उपग्रह त्याचे तेज मोजत आहेत आणि त्यात चढता कल नाही. शिवाय वातावरणाचा खालचा थर तापत असताना वरचा स्थितांबर थंड होत आहे, जे सूर्यामुळे होणाऱ्या तापमानवाढीत घडले नसते. हिमालयात याखेरीज चुली, वीटभट्ट्या आणि डिझेल यांच्या काजळीची भर पडते. ती बर्फावर बसली की बर्फ ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतो.

प्रश्न : कृष्णा-गोदावरीला बर्फाचे पाणी येत नाही. मग महाराष्ट्राने याची चिंता का करावी? (एक शेतकरी, नेवासे)

उत्तर : आपल्या नद्या पावसावर चालतात, हे खरे. गंगादेखील पुष्कळशी मोसमी पावसावरच चालते. त्यामुळे हिमनद्या गेल्या की गंगा कोरडी पडेल, हे भाषणांतून ऐकू येणारे वाक्यही २०३५ च्याच जातीचे आहे. सिंधूची गोष्ट वेगळी, तिच्या पाण्यात बर्फाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्राची काळजी अरबी समुद्राशी निगडित आहे, कारण तो तापतो आहे आणि आपला पाऊस बव्हंशी त्याच्यावरून येतो. अशा पावसात एकूण आकडा सरासरीजवळ राहूनही मधले खंड आणि एका दिवसात कोसळणारे पाणी दोन्ही वाढू शकतात. तेव्हा हंगामाची बेरीज पाहून गाफील राहण्यापेक्षा आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी मागून घ्याव्यात आणि पेरणीनंतरचे कोरडे दिवस त्यात मोजावेत.