फ्रेंचमध्ये 'कोपरा', इंग्रजीत 'नाणं': एकच शब्द की दोन?

तुमचा प्रश्न असा की, इंग्रजी 'कॉइन' फ्रेंचमध्येही त्याच स्पेलिंगने लिहितात, पण तिथे अर्थ कोपरा. मग हे दोन वेगळे शब्द आहेत का? नाही, शब्द एकच आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकताना मीही इथेच अडखळलो होतो. 'ओ क्वँ द ला र्यू' म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर, पण वाचताना डोळ्यांसमोर नाणंच यायचं.

मुळात लॅटिन 'कुनेउस' म्हणजे पाचर. लाकूड फोडताना ठोकतात ती. क्युनिफॉर्म लिपीचं नावही त्यावरूनच पडलं, तिची अक्षरं पाचरीच्या आकाराची म्हणून. पाचरीच्या दोन बाजू मिळतात तिथे कोन होतो, त्यातून फ्रेंचमध्ये कोपरा आला. जुन्या फ्रेंचमध्ये नाणी पाडायच्या ठशालाही हाच शब्द होता, कारण तोही पाचरीसारखाच हातोड्याने ठोकायचा. इंग्रजीने शब्द उचलला आणि 14व्या शतकात ठशाचं नाव त्यातून पडणाऱ्या नाण्यालाच देऊन टाकलं. फ्रेंच माणूस आज नाण्याला 'पिएस' म्हणतो. उलट इंग्रजीत कोपराही टिकलाय: इमारतीच्या कोपऱ्याच्या दगडाला उच्चाराने 'कॉइन'च म्हणतात, फक्त स्पेलिंग 'क्यू'ने सुरू होतं.

मला यात सगळ्यात आवडतं ते आपल्याकडचं साम्य. संस्कृतात 'टंक' म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि 'टंक' म्हणजेच छाप मारलेलं नाणंही! आपली टाकी, म्हणजे 'टाकीचे घाव' मधली, त्याच घरातली. टांकसाळही. बांगलादेशचा टकाही. लॅटिनशी काही नातं नसताना इथेही हत्याराचं नाव नाण्याला चिकटलं.

हे हातात धरून बघायचं असेल तर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा आणि एखादी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, मागा. माझ्याकडच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आहे, पण 'श्री' अर्धीच उमटलीय. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, आणि घाव जरा बाजूला बसला. उरलेली 'श्री' तांब्याबाहेरच राहिली.